रक्त एक सांगतं, लघवी दुसरंच

मानवतमध्ये मला नावानं ओळखणारे थोडे. बहुतेक जण तोंडावर 'रक्तवाल्या बाई' म्हणतात आणि पाठीमागं 'शक्की बाई'. दोन्ही नावं मी कष्टानं मिळवली आहेत, त्यामुळं राग नाही. आधी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्तीनंतर बसस्टँडजवळ स्वतःची छोटी लॅब टाकली. आता तिथं भाची बसते. मी सकाळी जाते आणि तिच्या कामावर संशय घेऊन परत येते.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे रक्त काढलं, मशीनमध्ये घातलं, कागद निघाला. मशीन बिचारं सहसा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. बरं, त्यांना ते खोटं वाटतही नाही. कापसाचे एक व्यापारी उपाशीपोटीची साखर तपासायला यायचे आणि दर वेळी ती वाढलेली निघायची. मी विचारायची, "रात्रीपासून काही खाल्लं?" ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "देवाशपथ न्हाई." एकदा शर्टावर टोस्टचा भुगा दिसला म्हणून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "चहा घेतला की. चहा काय खाणं हाय का? अन् टोस्ट काय कुणी कोरडा खातं?" असा त्यांचा उपास.

दुसरा एक गृहस्थ चुडाव्याचा, इथं बहिणीकडं आलेला. त्याच्या लघवीत इतकी साखर निघाली की तो मटकन खालीच बसला. बहिणीनं घरातला गूळसुद्धा शेजारणीकडं नेऊन ठेवला. मला मात्र पटेना. माणूस धडधाकट, रक्तातली साखर एकदम नीट. शेवटी बाटलीचा वास घेतला. खोकल्याच्या औषधाची बाटली होती, नुसती हिसळून आणलेली. साखर त्याच्यात नव्हती, बाटलीत होती. तेव्हापासून मी नमुना हातात आला की आधी तीन गोष्टींवर शंका घेते: कुणाचा, कशातला आणि कधीचा. यातल्या 'कुणाचा' या प्रश्नानं मला एकदा फार दमवलं. ती हकिकत सांगायची म्हणूनच या अंकासाठी लिहायला बसले.

माधवराव हे इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हयातभर मुनीमकी केलेले गृहस्थ. कमी बोलणारे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. साखरेचा आणि ब्लडप्रेशरचा आजार जुना, पोटाला इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घ्यायचे. त्यांची बायको निर्मलावहिनी माझ्या भिशीतल्या, म्हणून ओळख घरोब्याची. माधवरावांच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं तेव्हा ते पहिल्यांदा मीच पकडलं आणि त्यांना परभणीच्या किडनीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरांनी एक साधी ब्लडप्रेशरची गोळी सुरू केली आणि बजावलं की ही चुकवायची नाही, किडनीत वण पडायला लागलेत, ते या गोळीनं लांबतील.

वण म्हणजे काय ते सांगते. हाताला कापलं की शरीर तिथं जाळं विणून जागा बुजवतं. हातावर वण राहिला तर राहिला, काही बिघडत नाही. पण किडनी ही चाळणी आहे. चाळणीची भोकं बुजायला लागली तर ती चाळणी कसली? एका बाजूनं जे आत राहायला पाहिजे ते प्रोटीन बाहेर गळतं आणि जी घाण बाहेर जायला पाहिजे ती रक्तात साठते. म्हणून आम्ही लघवीत प्रोटीन बघतो आणि रक्तात क्रिएटिनिन नावाची घाण मोजतो. वहिनींना मी सोपी खूण सांगून ठेवली होती: लघवीला साबणासारखा फेस येऊन तो टिकून राहिला की समजायचं, प्रोटीन जातंय.

गोळीवर माधवरावांचं बरं चाललं होतं. मग मधे जावई आले.

शिरीष हे त्यांचे एकुलते जावई. परभणीत दोन धंदे करून बुडालेले, आणि त्यामुळं स्वतःच्या घरी, भाऊबंदांत चेष्टेचा विषय झालेले. आता ते जिममधल्या मुलांना कसली कसली इंजेक्शनं मिळवून द्यायला लागले होते. त्यातूनच त्यांना एका पेप्टाइडचा शोध लागला. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा अगदी छोटा तुकडा. हा तुकडा म्हणे आपल्या शरीरात मुळातच असतो, आणि किडनी, हृदय, यकृत यांच्यात वण पडू देत नाही. जावयांनी सासऱ्यांना सांगितलं, "मामा, हे नॅचरल आहे. आता त्या केमिकलच्या गोळ्या बंद करा." सासऱ्यांनी गोळी सोडली आणि पोटाला ही नवी सुई टोचायला लागले.

थर्माकोलचा डबा एसटीच्या पार्सलनं यायचा. एकदा वहिनी तो स्टँडवरून घेऊन थेट माझ्याकडं आल्या म्हणून मला बघायला मिळाला. बाहेर मे महिन्याचा परभणी जिल्हा, आणि डब्यात बर्फाचं कोमट पाणी. त्यात बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. कंपनीचा पत्ता नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही. चष्मा लावून वाचलं तर बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं की फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये. वहिनींना मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"जावईबापू काय वाईट पाठवतेत का, बाई?" त्या म्हणाल्या. "तुमचा सोभावच शक्की हाय."

पुढच्या तपासणीला लघवीतलं प्रोटीन गायब झालं होतं.

कमी झालेलं नव्हे, साफ गायब. रिपोर्ट नेहमीसारखा माधवरावांच्या मोबाईलवर गेला, तिथून जावयांच्या, आणि जावयांनी त्यातला लघवीचा तेवढा गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. रोगी बरा झाला तर आनंद व्हायला हवा, पण इतकी वर्षं गळणारी चाळणी एकाएकी नवी होते हे माझ्या डोक्यात शिरेना. आणि त्याच दिवशीचं रक्त वेगळंच सांगत होतं, क्रिएटिनिन आधीपेक्षा चढलेलं. एकाच माणसाचं रक्त म्हणतंय बिघडलंय आणि लघवी म्हणतेय झकास आहे. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं.

आधी मशीनवर संशय घेतला. माझं स्वतःचं रक्त घालून बघितलं, मशीन नीट होतं. मग नळ्यांची अदलाबदल झाली का, म्हणून भाचीची उलटतपासणी केली, ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मग जावयांवर. बाटलीत असं काही घातलेलं असेल का, की लघवीतलं प्रोटीन नुसतं लपतं? पुढच्या खेपेला पुन्हा तेच. लघवी स्वच्छ, रक्त आणखी खराब, आणि माधवरावांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा राहायला लागलेला.

त्यातच राणीसावरगावचा एक शेतकरी लॅबमध्ये येऊन उभा राहिला. पाय सुजलेले. त्यानं मोबाईल पुढं केला, त्यावर माझा रिपोर्ट, माझ्या लॅबचं नाव, माझी सही. "बाई, हे बघूनच इचारायला आलो," तो म्हणाला. "हे औषिद घ्यावं का? तुमच्याच सहीचं हाय." सही माझी, आणि तिच्या भरवशावर लोक पोटात सुया टोचून घेणार. त्याला मी आधी डॉक्टर गाठायला लावलं, आणि त्या रिपोर्टावर माझा स्वतःचाच विश्वास नाही, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी माधवराव आणि वहिनींना बोलावून घेतलं. रक्त मी स्वतःच काढते, त्यात फसवाफसवीला जागा नाही. लघवीची डबी मात्र घरून यायची, वहिनींच्या कापडी पिशवीतून. मी म्हटलं, "आज नमुना इथंच द्या. संडास स्वच्छ आहे."

माधवराव काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "इथं न्हाई जमत त्यांना. घरीच सवय हाय." आणि नवऱ्याचा दंड धरून निघाल्याच.

दुपारी बाजार सुस्त झाल्यावर त्या एकट्या आल्या. बाकावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ती माझी हो, बाई. मीच दिली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हसावं का ओरडावं ते सुचेना. त्या काय करायच्या? पहिल्या वेळी माधवरावांनी भरून दिलेल्या डबीत त्यांना फेस दिसला. ती ओळख मीच शिकवलेली. त्यांनी ती ओतून टाकली, डबी धुतली आणि स्वतःची भरली. दुसऱ्या खेपेला तर नवऱ्याकडं डबी मागितलीच नाही.

"कामून केलं असं?" मी ओरडलेच.

"जावईबापू म्हणले होते, औषध लागू पडायला वेळ लागतो. म्हणलं, तवर एकदा चांगला रिपोर्ट जाऊ द्यावा." त्यांनी पदर सोडून पुन्हा गुंडाळला. "त्यांचं सगळीकडं हसंच झालंय हो. आता ते सगळ्यांना सांगायलेत, माझ्या सासऱ्याला मी बरं केलं. माझी पोरगी, वर्षा, किती दिसांनी फोनवर हसायलीय. रिपोर्ट खराब आला असता तर पुन्हा मुकी झाली असती. अन् जावयाच्या तोंडावर कसं म्हणावं, की तुमचं औषध वाया गेलं?"

"वहिनी, तुमच्या किडन्या एकदम झकास आहेत," मी म्हटलं. "माधवरावांच्या मात्र चालल्यात."

त्या रडल्या. मीही डोळे पुसले, पण रागावलेलीच होते. शपथ घालून त्यांनी सांगितलं की हे ह्यांना कळू देऊ नका. मी कबूल केलं, फक्त एका अटीवर: उद्याच परभणी.

डॉक्टरांना मी फोनवर सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. माधवरावांपुढं नुसतं रक्ताचं निमित्त केलं. डॉक्टर वयानं लहान, पण घाई न करणारे. त्यांनी ती काचेची बाटली उजेडात धरली आणि ठेवून दिली.

"असा पेप्टाइड खरोखर आहे," ते म्हणाले, आणि मी चमकले, कारण सगळंच थोतांड असणार असं मी धरून चालले होते. "आपल्याच शरीरात असतो. वण पडू देत नाही हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण माणसाला टोचायचं औषध म्हणून अजून काही पक्कं झालेलं नाही. आणि या बाटलीत तोच आहे का खडूची भुकटी आहे, हे मला सांगता येणार नाही." मग ते माधवरावांकडं वळले. "आता दुसरी गोष्ट. शरीरात एक एन्झाइम असतं, ते या पेप्टाइडचे तुकडे करतं. तुमची ती ब्लडप्रेशरची गोळी त्याच एन्झाइमला आवर घालते. म्हणजे तुम्ही गोळी घेत होता, तोवर तुमचा स्वतःचा पेप्टाइड तुमच्या रक्तात जास्त टिकत होता. गोळीचा सगळा गुण त्यामुळंच येतो असं नाही म्हणत मी, पण तुम्ही बंद केली नेमकी तीच."

माधवरावांनी बाटली उचलून बघितली. "म्हणजे जे पार्सलनं यायलंय ते आपल्या घरातच होतं?"

"घरातच होतं. राखणदाराला तुम्ही हाकलून दिलंत."

जितका वण पडला तितका पडला, तो भाग परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं राखायचं असेल तर गोळी आजपासून, रक्तावर लक्ष ठेवून. नाहीतर डायलिसिसची खुर्ची लांब नाही. परतीच्या एसटीत बसलो तेव्हा माधवरावांनी गोळ्यांचं नवं पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

मी शक्की म्हणून त्या आठवड्यात सहज त्यांच्या घरी डोकावले. पाकीट खिशातच होतं आणि त्यातली एकही गोळी फुटलेली नव्हती.

"जावईबापूंना शब्द दिलाय," माधवराव म्हणाले. "धोंड्याला यायलेत ते. समोर बसून सांगतो, मंग सुरू करतो. असलं फोनवर सांगत न्हाईत."

अधिक महिना चालू होता, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला नारायण मानून घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, नवे कपडे द्यायचे. त्या दिवशी जावयाच्या पानावर कुणी वाकडा शब्द काढत नाही. माधवराव त्या दिवशी, त्या पानावर सांगणार होते! मला खात्री होती, ते सांगणार नाहीत. जावई जेवणार, नवा शर्ट घालून परभणीला जाणार, आणि पाकीट खिशातच राहणार.

पण धोंड्याच्या दिवशी जेवणाच्या आधीच सासू-सासरे आणि जावई माझ्याकडं आले. शिरीषरावांना ग्रुपसाठी ताजा रिपोर्ट हवा होता. आल्या आल्या ते माझ्या पाया पडले. पाया पडणाऱ्या माणसावर माझा जरा जास्तच संशय असतो. पण चेहरा बघितला तर लबाडीचा वाटेना, मला त्याचंच वाईट वाटलं. लबाड असता तर बोलायला सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुमच्या रिपोर्टमुळं लय लोकांचा विश्वास बसलाय," ते म्हणाले.

"म्हणूनच आज नमुना तुमच्यासमोर घ्यायचा," मी म्हटलं आणि रिकामी डबी माधवरावांच्या हातात दिली. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं. माधवराव आत जाऊन आले. डबीत फेस होता, तसाच टिकून राहिलेला.

मी मशीन बाजूला ठेवलं. जुन्या पद्धतीनं काचेची नळी अर्धी भरली, स्पिरीटचा दिवा पेटवला आणि नळीचा वरचा भाग आचेवर धरला. वर पांढरं धुरकट झालं. व्हिनेगरसारख्या आम्लाचे थेंब टाकले, तरी ते गेलं नाही. नासलेल्या दुधासारखं घट्ट झालं. शिरीषरावांना हे काय ते सांगावं लागलं नाही.

"असं कसं?" ते म्हणाले. "मागच्या दोन्ही वेळेस तर काहीच नव्हतं."

मी शपथेला बांधलेली. वहिनी कॅलेंडरच बघत राहिल्या. आणि माधवराव शांतपणे म्हणाले, "मागच्या येळंला माझी नव्हती, जावईबापू."

वहिनी गर्रकन वळल्या. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगायचं? माझ्याकडं डबी आलीच न्हाई अन् माझा रिपोर्ट आला. इतका बावळा हाय का मी?"

मशीनवर, भाचीवर, जावयांवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. या माणसावर एकदाही घेतला नव्हता. "अहो, मग विचारलं का नाही तुम्ही?" मी जवळजवळ किंचाळले.

"इचारलं असतं तर हिनं खरं सांगितलं असतं. हिला खोटं बोलता येत न्हाई." हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "मंग जावईबापूंना सांगायची येळ आली असती."

शिरीषराव बाकावर बसले. नळी अजून माझ्या हातात गरमच होती. ते तिच्याकडं बघत म्हणाले, "मामा, तुमची किडनी जायली, अन् तुम्ही माझी लाज राखायला बसलात?"

"लग्नापासून पहिल्यांदा तुमी हक्कानं काही म्हणलात. मामा, हे घ्या. न्हाई कसं म्हणावं?"

भाची आतल्या खोलीत उगाच नळ्या वाजवत होती. मग शिरीषरावांनी मोबाईल काढून मला विचारलं, "ग्रुपवर आता काय लिहू?" मी म्हटलं, आजचा रिपोर्ट टाका, आणि मागचे दोन्ही चुकीचे होते म्हणून लिहा. त्यांनी लिहिलं. मी त्यांच्या हातातून फोन घेऊन ते वाचलं आणि गेल्याची खात्री केली, राणीसावरगावच्या त्या माणसाला स्वतः फोनही लावला. नुसत्या सांगण्यावर माझा विश्वास बसत नाही.

शिरीषराव उठले. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, सासऱ्यांच्या खिशातून पाकीट काढलं आणि एक गोळी फोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. मग म्हणाले, "मामा, हे घ्या."

माधवरावांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "आ करा. जीभ वर उचला."

"माझ्यावर पण शक, बाई?"

"आता सगळ्यात जास्त तुमच्यावरच."

वहिनींना रडता रडता हसू फुटलं. माधवरावांनी जावयांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मोठा आ केला. मी टॉर्च लावून नीट पाहिलं. गोळी गेली होती.